ज्या घरानं माझ्या बापाचं सुतक धरलं

पिंपळगाव राजाला आबाजींच्या घरी माझा दिवस जात्याच्या आवाजानं उजाडायचा. आबाजींची बायको, जिला मी काकू म्हणत असे, आणि त्यांची एकुलती एक मुलगी यमू अशा दोघी समोरासमोर बसून दळत. दळता दळता काकूंचा खोकला, यमूच्या बांगड्या आणि जात्याची घरघर यांचा मिळून एक आवाज होई, आणि तो थांबला की चूल पेटली असं समजायचं. मी मात्र तो थांबायच्या आधीच उठून गोठ्यात गेलेला असे. मला कुणी ऊठ म्हणालेलं नव्हतं. शेण काढ, वैरण टाक, विहिरीवरून पाणी आण, यातलं एकही काम आबाजींनी मला कधी सांगितलं नाही. न सांगताच केलेलं बरं, असं मला वाटे. सांगायची वेळ आली तर हा पोरगा फुकटचा खातो हे कुणाच्या तरी लक्षात येईल, ही भीती. जेवताना मी दुसरी भाकर मागत नसे. कळण्याची भाकर, जवसाची चटणी, अंबाडीची भाजी, कधी पातोडीची आमटी असं त्या घरचं जेवण. पहिली भाकर संपत आली की काकू न विचारता दुसरी ताटात टाकत आणि तोंडानं भलतंच काही बोलत, म्हणजे मला नको म्हणायला फटच राहत नसे. आता या वयात मला दीड भाकरीच्या वर जात नाही, पण कुणी न विचारता वाढलं की अजून संकोच होतो.

आमचं गाव लांब, दुसरबीडच्या बाजूचं, निजामाच्या मोगलाईच्या हद्दीला लागून. तिथून पिंपळगाव राजाला यायचं म्हणजे काही वाट पायी, काही कुणाच्या बैलगाडीत, मुक्काम करत करत. तिकडची बोली थोडी वेगळी. आम्ही ‘मला, तुला’ म्हणायचो, इथं ‘मले, तुले’. यमूला त्याची फार गंमत वाटे. “मला, मला काऊन करतं रे दादा, बकरीवानी?” असं ती म्हणायची. दादा ती मला पहिल्या दिवसापासून म्हणत आली. तिला सख्खा भाऊ नव्हता. त्या वर्षीच्या भाऊबीजेला तिनं मला ओवाळलं तेव्हा ओवाळणीत घालायला माझ्याकडं काही नव्हतं, म्हणून आबाजींनी मागच्या मागं माझ्या मुठीत काहीतरी दिलं. ते मी न बघताच ताटात टाकलं.

आता मी त्या घरी कसा आलो ते सांगतो. माझे वडील तापानं गेले. आईनं शाळेतल्या मास्तरांकडून एक कार्ड लिहून घेतलं. वडील नेहमी म्हणायचे, “आपले लोक पिंपळगाव राजाचे. आजोबांच्या वेळेला इकडं आलो.” त्यापलीकडं त्यांनाही माहीत नव्हतं. गेले नव्हते कधी, कुणी आलंही नव्हतं. पण माणूस गेल्यावर भावकीला कळवायचं असतं, म्हणून आईनं आडनाव आणि गाव एवढ्यावर कार्ड टाकलं. ते आबाजींच्या दारात पोचलं. मरणाचं कार्ड घरात नेत नाहीत. दारात उभं राहून कुणाकडून तरी वाचून घ्यायचं, तिथंच फाडायचं आणि अंगावर पाणी घ्यायचं. दुसऱ्यांदा वाचायचा प्रश्नच येत नाही. आबाजींच्या घराण्यातली एक शाखा मागं दुष्काळात दक्षिणेकडं गेलेली, हे त्यांनी लहानपणापासून ऐकलेलं. दक्षिणेकडून आलेलं, आपल्याच आडनावाच्या माणसाच्या मरणाचं कार्ड. म्हणजे तीच शाखा, यात त्यांना शंका वाटली नाही. त्यांनी डोई केली, केस उतरवले, दहा दिवस देवाला हात लावला नाही. लांबच्या भावकीनं तीन दिवसांचं धरलं. आमच्यात माणूस आपला किती, हे असंच मोजतात. दहा दिवसांचा, तीन दिवसांचा, नुसत्या अंघोळीचा. त्यापलीकडं परका.

पुढं आबाजींनी ढोरांच्या व्यापाऱ्याजवळ आईला निरोप धाडला, पोरगा असेल तर पाठवा, आमच्याकडं शेतीला माणूस नाही आणि पोराला घर होईल. मी चौथी पुरी करून पाचवीत बसलो होतो. आमचं चार पट्ट्यांचं रान मामानं बघायचं ठरलं, थोरली बहीण तिच्या घरी होती, आई मामाच्या आधारानं राहिली आणि मी पाटी कोनाड्यात ठेवून निघालो. शाळा सुटल्याचं दुःख झालं असं आता लिहायला बरं वाटेल, पण खरं म्हणजे वाटेत मला एकच काळजी होती, की त्या लोकांनी दारातून परत पाठवलं तर रात्र कुठं काढायची.

दोन सुग्या गेल्या. मला मिसरूड फुटायला लागलं, यमूच्या लग्नाचं बोलणं घरात निघायला लागलं. ज्वारी खळ्यातून घरात आली आणि त्याच सुमारास गावात भाट आले. ज्यांनी हे कधी पाहिलं नाही त्यांच्यासाठी एवढं सांगतो, की भाट म्हणजे पिढ्यान् पिढ्या आमच्यासारख्या घराण्यांच्या वंशावळी सांभाळणारे लोक. काही वर्षांनी एकदा घोड्यावरून यायचे, बरोबर तांबड्या कापडात गुंडाळलेली लांबट पोथी. भावकीतल्या एखाद्या घरी उतरायचे. मग सगळ्या भावकीला बसवून मूळ पुरुषापासून नावं म्हणून दाखवायचे, मधल्या काळात झालेले मुलगे पोथीत चढवायचे, धान्य, कापड घ्यायचे आणि पुढच्या गावाला जायचे. लोक एरवी पटवाऱ्याच्या कागदाला जेवढं मानत नसत तेवढं या पोथीला मानत. कागद सरकारचा, पोथी आपली. या खेपेला ते आबाजींकडं उतरले. आबाजींना आनंद झाला होता. “गणपतचं नाव चढवून घिऊ,” असं ते माझ्याबद्दल दोनदा म्हणाले. ते दोनदा म्हणाले म्हणून मला धास्ती वाटली.

आदल्या दिवशी संध्याकाळी मी चुलीजवळ लाकडं ठेवत होतो. काकू भाकर थापत होत्या. माझ्याकडं न बघता म्हणाल्या, “भाट तुले देवक इचारन.”

“देवक म्हणजे?”

“मांडवाच्या मेढीले लगनात जे बांधतेत ते. ज्याचं कूळ एक त्याचं देवक एक. आपलं कळंब हाय. कळंब म्हणजो.”

“हो.”

“इसरू नको. कळंब.” मग तव्यावरची भाकर उलटून म्हणाल्या, “अन् हे मी सांगितलं असं तुह्या काकाजीले सांगू नको. त्याईले वाटन मले शंका हाय.”

काकाजी म्हणजे आबाजी. काकूंना शंका होती हे मला तेव्हा कळलं. इतके दिवस ती असूनही दुसरी भाकर ताटात पडत होती, हे कळायला मात्र मला पुष्कळ वर्षं लागली.

दुसऱ्या दिवशी अंगणात सतरंज्या टाकल्या. भावकीतले बाप्ये बसले, बाया दाराआड. पुढं सखारामभाऊ बसले होते. हे आबाजींचे चुलत भाऊ, घर शेजारचंच, आणि माझ्यावर त्यांचा राग. रागाचं कारण मला यमूनं सांगितलेलं होतं. माझ्या वडिलांचं कार्ड आलं त्याच आठवड्यात सखारामभाऊंच्या मुलीचा साखरपुडा होता. सुतक पडल्यामुळं पाहुण्यांना थांबवावं लागलं, पाहुण्यांना ते निमित्त वाटलं, आणि ती सोयरीक मोडली. मुलीचं पुढं दुसरीकडं झालं, पण त्यांच्या मनासारखं झालं नाही. मला पाहिलं की त्यांना ते आठवत असणार.

भाटजींनी पोथी सोडली. त्यांचं म्हणणं चालीवर असे, नाव, त्याचे मुलगे, त्यातल्या थोरल्याचे मुलगे, असं एकेका फांदीनं वर जात आणि परत खाली येत. नावं ऐकताना म्हातारी माणसं माना डोलवत होती, एखाद्याच्या बापाचं नाव आलं की तो जागच्या जागी सरसावून बसे. मी आबाजींच्या मागं बसलो होतो. असं करत करत ते एका नावावर आले आणि चाल सोडून साध्या आवाजात म्हणाले, “मधला रघोजी. दुष्काळात ढोरं हाकत मोगलाईच्या अंगाले गेला. बायको वाटेत गेली. दुसरी केली नाही. पोटी संतान नाही. वेल खुटली.”

 मग सखारामभाऊ मागं वळले.

“खुटली? मंग हा कोन बे?”

“लिहिनारा चुकते,” आबाजी म्हणाले.

“माह्या बापानं स्वता तिकडं जाऊन लिहिलं, पाटील,” भाटजी शांतपणे म्हणाले. “पन चुकू शकते. म्हून पोराले इचारून घेतो. ये बाबा, समोर बैस.”

मी पुढं बसलो. आजोबांच्या बापाचं नाव विचारलं, मला येत नव्हतं. कुळदैवत विचारलं, मी भवानी म्हणालो. “ते तं साऱ्याइचंच हाय,” असं कुणीतरी म्हणालं आणि थोडं हसणं झालं. मला वाटलं आता देवक विचारतील, आणि मी कळंब हा शब्द तोंडात धरूनच बसलो होतो. पण भाटजींनी तसं विचारलं नाही.

“बहीण हाय?”

“आहे. थोरली.”

“लगनात तू होता?”

“होतो.”

“मेढीले बांधाची डहाळी कोनं आनली?”

“मीच आणली. मारुतीच्या देवळामागून. मामा म्हणाले जपून तोड, चीक डोळ्यात जाईल.”

मी हे बोलून गेलो. ती दुपार माझ्या डोळ्यांसमोर उभी होती, हाताला लागलेला पांढरा चीक, आईनं राखेनं धुतलेले हात. तोंडात धरलेला शब्द तसाच राहिला. भाटजींनी पुढं काही विचारलं नाही. चीक निघतो तो रुईला, कळंबाला नाही, हे तिथं बसलेल्या प्रत्येकाला कळत होतं. दाराआड काकूंच्या बांगड्या वाजल्याचा मला भास झाला.

“झालं,” सखारामभाऊ म्हणाले. “रुई. आता सांग आबाजी.”

आबाजींनी डोक्यावरून हात फिरवला. मग म्हणाले, “याच्या बापाची खबर आली तवा मी डोई केली. धा दिवस सुतक धरलं. हा आपला नसन तं मी कोनाचं सुतक धरलं?”

“परक्याचं! अन् तुह्या नादानं आमीबी धरलं! माह्या पोरीचे पाहुने दारातून वापस गेले!”

“बरं, परक्याचं धरलं. मंग आता ते वापस घिऊ काय? केस तं उगून बी गेले.”

लोक हसले. सखारामभाऊही हसतील असं मला वाटलं, पण ते हसले नाहीत.

“हसू नका,” ते म्हणाले. “हा भावकीतला नाही म्हंजे काय, इचार करा. परका पोरगा, वयात आलेला. घरात लगनाची पोरगी. एका छपराखाली. उद्या पाहुने आले अन् कोनं त्याईले हे सांगितलं, तं यमूचं काय होईन? माह्या पोरीचं झालं तेच होईन.”

यात खोटं काही नव्हतं, आणि म्हणूनच कुणी हसलं नाही. भाऊ म्हणून मी त्या घरात निजत होतो. भाऊ नसेन तर मला तिथं निजता येत नव्हतं, यमूच्या लग्नाला माझं असणंच आड येत होतं. मी मनातल्या मनात माझं सामान मोजत होतो. एक धोतर, एक सदरा, एक घोंगडी. आबाजींना बोलावं लागू नये म्हणून मीच उठलो आणि म्हणालो, “काकाजी, मी जातो गावाला.”

“बैस,” आबाजी म्हणाले. मग सखारामभाऊंकडं वळून, “तुह्यं म्हननं खरं हाय. हा आजपासून मळ्यात निजन. खोपडी हाय तिथं.” आणि थोडं थांबून, “अन् एकटं पोरगं थंडीत कसं निजन? मी बी त्याच्यासंगं निजतो. यमूचं लगन होयेपावतर.”

दाराआडून काकू बोलल्या. बाप्यांच्या बैठकीत त्या कधी बोलत नसत. “अन् मी? मी काय या घरात ढोरं राखत बसू? तुमचं लगन त्याच्याशीच लागलं असं वाटून राह्यलं!”

आता मात्र सगळे हसले, भाटजीसुद्धा. भाटजींनी आबाजींना विचारलं, तुमच्या नावाखाली काय लिहू? आबाजींना मुलगा नव्हता. भाटजी माझं नाव लिहू शकत नव्हते आणि वेल खुटली असंही जिवंत माणसाच्या नावाखाली लिहीत नाहीत. आबाजी म्हणाले, “काई लिहू नका.” भाटजींनी मान हलवली, पोथी बांधली आणि जेवायला बसले. त्या दिवशी वरण, पोळी आणि वांग्याची भाजी होती. मी वाढायला होतो.

आपले लोक पिंपळगाव राजाचे, हे माझ्या वडिलांनी खोटं सांगितलं होतं का, हा प्रश्न मला पुढं बरीच वर्षं होता. आईला विचारलं तर ती म्हणाली, तुझे आजोबा कुणा एकट्या म्हाताऱ्याकडं सालदार होते, त्याचं सगळं त्यांनीच केलं, अग्नीसुद्धा त्यांनीच दिला असं ऐकलं आहे, आणि मग लोक त्यांना त्या म्हाताऱ्याच्याच आडनावानं हाक मारू लागले असतील. ‘असतील’ हा तिचाच शब्द. तो म्हातारा रघोजी होता का, हे तिला माहीत नव्हतं. नोकरीधंद्यातून मोकळा झाल्यावर मी मेहकरला जाऊन जुने जमिनीचे कागद काढायला लावले, त्र्यंबकला जाऊन तीर्थोपाध्यायांकडच्या बाडांत पाहिलं. तिथं आजोबांचं नाव सापडलं, गावाचं नाव सापडलं, त्याच्या मागं काही नाही. हल्ली आमच्या आडनावाच्या लोकांनी एक मंडळ काढलं आहे, ते कुलवृत्तांत छापणार आहेत. त्यातले एक गृहस्थ माझ्याकडं दोनदा येऊन गेले. शिकलेले, सभ्य गृहस्थ. “आपली शाखा कोणती?” असं त्यांनी विचारलं. मी म्हणालो, “पिंपळगाव राजाच्या एका घरी माझ्या बापाचं सुतक धरलं होतं.” त्यांनी ते लिहून घेतलं नाही. चहा घेतला आणि गेले. मला त्यांचा राग आला नाही. त्यांच्याजवळ त्यासाठी रकाना नव्हता.

मळ्यातली खोपडी तुराट्यांची, वर कपाशीची पऱ्हाटी घातलेली. आबाजी आणि मी दिवसभर घरी असू, जेवण घरी, काम घरी, आणि अंधार पडायला लागला की दोघे घोंगड्या घेऊन निघू. गावातले लोक सुरुवातीला थट्टा करत. “चालली वरात,” म्हणत. मग सवय झाली. मी तर कंदिलाच्या काचेइतका सांभाळून वागायचो. यमूशी अंगणात बोलतानासुद्धा दोन हात लांब उभा राहायचो. ती चिडून म्हणायची, “दादा, तू असा काऊन उभा राह्यतं, मले महारोग झाला काय?” आबाजींना थंडी सोसत नसे. खोकत. मी कितीदा म्हणालो, काकाजी तुम्ही घरी निजा, मी एकटा राहतो. ते म्हणत, “तू एकटा निजला तं लोकाईले वाटन मी तुले काढलं.”  सखारामभाऊंचा मळा बांधाला लागून होता. आबाजींचा खोकला त्यांना ऐकू जात असणार. एकदा सकाळी खोपडीच्या दाराशी पऱ्हाटीची एक मोळी पडलेली दिसली. आमची नव्हती. आबाजींनी ती शेकोटीला घेतली, कुणाची म्हणून विचारलं नाही.

दोन हिवाळे असे गेल्यावर यमूचं जमलं. घर चांगलं होतं, पाहुण्यांनी चौकशा केल्या, आणि माझ्याबद्दल त्यांना काय सांगितलं गेलं ते सखारामभाऊंनीच सांगितलं, हे मला नंतर समजलं. काय सांगितलं ते कुणी मला बोललं नाही. चैत्रात मांडव घातला. मेढीला कळंब बांधला. ते काम भावकीतल्या मुलांनी केलं आणि मी पाण्याच्या घागरी भरत होतो. तेच मला बरं वाटत होतं. लग्न लागलं, मंगलाष्टकं झाली, होमाजवळ नवरानवरी बसली आणि लग्न लावणाऱ्या भटजींनी हाक दिली, “नवरीचा भाऊ कोण आहे? कानपिळीला या.”

नवरीच्या भावानं नवरदेवाचा कान पिळायचा, बहिणीला नीट सांभाळ म्हणून, आणि नवरदेवानं त्याला उपरणं द्यायचं, अशी ती रीत. यमूला भाऊ नव्हता, म्हणजे तो मान भावकीतल्या थोरल्या मुलाचा, सखारामभाऊंच्या महादूचा. महादू नवं धोतर नेसून तयारच होता. मी घागर धरून बाजूला बसलो. यमू खाली मान घालून बसली होती. महादू पुढं सरकला तशी सखारामभाऊंनी त्याला खांद्याला धरून मागं ओढलं.

“तू थांब.”

“काऊन?” महादू म्हणाला.

“थांब म्हनलं ना बे.” मग त्यांनी मांडवात इकडंतिकडं बघितलं आणि मला शोधून ओरडले, “ए गणप्या! ते घागर काय धरून बसला? दोन हिवाळे त्या खोपडीत कुडकुडला ते कोनाच्या बहिणीसाठी? ऊठ. होम विझून राह्यला.”

माझे हात ओले होते. मी सदऱ्याला पुसले. आबाजी कुठं बघत होते मला माहीत नाही, मी त्यांच्याकडं बघितलं नाही, बघवलं नसतं. नवरदेवानं कान पुढं केला. कसा पिळायचा, किती पिळायचा, हे मला कुणी सांगितलेलं नव्हतं, आणि मी बहुतेक जरा जास्तच जोरानं पिळला, कारण नवरदेव “अगं आई गं” म्हणून ओरडला, यमूचं खांदे हलवून हसणं शालूतून दिसलं, आणि सगळ्यांत मोठ्यानं हसले ते सखारामभाऊ.